सोंगाने दिलेला हुकूम

सरकार नावाची वस्तू माणसाच्या डोक्याबाहेर कुठे आहे का, असा प्रश्न नागपूरहून येणाऱ्या एका पत्रकात छापला होता. पत्रकाचे उत्तर होते, नाही. ते वाचून मी गावभर वाद घालत फिरायचो. माझे काका एकदाच बोलले. म्हणाले, "पाठीवर पडली का समजते, डोक्यात आहे का बाहेर."

काका गावचा कोंडवाडा सांभाळत. सालेकशाकडचे जंगल सरकारने राखीव केले होते. हद्द म्हणजे चुना फासलेल्या दगडांची एक रांग. गुरांना ती कळत नसे. मग जंगलाचा नाकेदार ती गुरे हाकत आणी, आणि दंड भरल्याशिवाय काका फाटक उघडत नसत.

त्या वर्षी दिवाळीनंतर एका विधवेची गाय आत अडकली. घरी पिते वासरू होते. दंडाला बाईकडे काही नव्हते, म्हणून ती नुसती फाटकाशी बसून राहिली. गाईची कास तटतटून दगडासारखी झाली होती आणि हंबरून हंबरून तिचा आवाज घोगरा झाला होता. सकाळची वेळ; काका समोर बसून सुपारी कातरत होते.

तेवढ्यात रस्त्याने एक शिपाई आला. खाकी कोट, पट्टा, बिल्ला, हातात काठी. रस्त्यावरचे लोक बाजूला होऊन सलाम करत होते. बाईने धावत जाऊन त्याचे पाय धरले. तो गोंधळला. त्याने गाईकडे पाहिले, काकांकडे पाहिले, काठी फाटकावर आपटली आणि म्हणाला, "सोड."

कोणाचा हुकूम, हे काकांनी विचारले नाही. कमरेत वाकून सलाम केला आणि फाटक उघडले.

कोट रंगवलेल्या गोणपाटाचा होता आणि बिल्ला डब्याच्या पत्र्याचा, हे पुढे कळले. मी तो जवळून पाहिला नाही. कोणीच पाहिला नाही. सरकारला जवळून पाहायची आपल्याकडे रीत नाही.

दुसऱ्या दिवशी नाकेदार आला. असा हुकूम कोणी दिलाच नव्हता. त्याने गाय पुन्हा आणून कोंडली, दंड वाढवला, काकांना चारचौघांत शिव्या घातल्या. बाईचे वासरू त्याच आठवड्यात मेले.

मग आमच्या गावची मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा, भरली. भर दुपारी मैदानात दंडार उभी राहिली. सुगीच्या दिवसांत झाडीपट्टीतल्या गावागावांतून हा नाचगाण्याचा खेळ चालतो. ढोलकी वाजली, आणि मिशीला पीळ देत शिपायाचे सोंग आले. तोच कोट. एका मंडईहून दुसऱ्या मंडईला जाताना तो गडी कोट न उतरवताच आमच्या रस्त्याने गेला होता. काका उभे राहिले. "हाच तो," म्हणाले.

मागून कोणीतरी ओरडले, "अगा, तू सोंगाले सलाम ठोकला का?"

सारे मैदान हसले. त्या हसण्यानेच त्या गड्याचा घात केला. काका काठी घेऊन धावले आणि त्यांच्यामागून, त्या सकाळी रस्त्यावर वाकलेले सगळे. ती विधवाही आली. तिने त्याच्या थोबाडीत मारली. "मुडद्या, तुले कोनं सांगितलं होतं सोडाले?" मी मध्ये पडून ओरडत होतो की आपण साऱ्यांनी जे करायला हवे होते तेच याने केले. मला कोणीतरी उचलून बाजूला फेकले. काकांनी त्याच्या गुडघ्यावर काठी घातली. हाड मोडल्याचा आवाज मला फेकल्या जागी ऐकू आला.

खरा हवालदार आला तेव्हा त्याने कोट आणि बिल्ला जप्त केला. सरकारी नोकराचा वेष घेतला, हा गुन्हा. पाय कोणी मोडला, असे त्याने विचारले. "पडला, साहेब," काका म्हणाले, आणि तसेच कमरेत वाकले. गड्याने भोवतालची तोंडे पाहिली. "पडलो," तोही म्हणाला.

हाच हवालदार दौऱ्यावर आला की घराघरातून कोंबड्या उचली आणि उशीर झाला तर लाथ घाली. त्याच्यावर कधी कोणाचा हात उठला नव्हता. खोट्या शिपायाने एक गाय सोडली, त्याचा गुडघा गेला. फसवले गेल्याचा राग मी पाहिलेला आहे. हा राग वेगळा होता. आपण वाकतो तेव्हा समोर गोणपाट असले तरी चालते, हे त्याने त्यांना दाखवले होते.

वेष घेतल्याची शिक्षा भोगून तो गडी परत आला. नाचणे संपले होते. मी त्याच्या झोपडीत गेलो आणि सांगितले की फिर्याद करणे हा तुझा हक्क आहे, साक्ष मी देतो, माझ्या सख्ख्या काकांविरुद्ध देतो.

त्याने धोतर वर केले. "भाऊ, हा माहा पाय. पाहून घे. आता तुहा हक्क दाखव."

मी म्हणालो, हक्क असा दाखवता येत नाही. साऱ्यांनी मिळून मानला तर तो असतो.

"माहा हुकूमबी मानला होता ना सगळ्यायनं," तो म्हणाला. "एक सकाळभर."

मग तो भिंतीला धरून उठू लागला. मी हात पुढे केला. त्याने तो घेतला नाही.