बटणावरचं कुंकू

आमच्या गल्लीत एकही बिघडलेली वस्तू माझा हात लागल्याशिवाय राहत नाही. पुढं ती भंगारात जाते, ते सोडा.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आमचा कॉम्प्युटर चालूच होईना, आणि पोरीचा नर्सिंगचा फॉर्म भरायचा तोच शेवटचा दिवस. बटण दाबून माझा अंगठा दुखला. मग मी वायरी हलवल्या, डब्याला दोन थापडा मारल्या, स्क्रू काढून आत फुंकर घातली. सगळी धूळ माझ्याच डोळ्यांत. आम्हा अडाण्यांची जातच अशी. ज्यातलं कळत नाही, त्याला आधी मारायचं आणि मग हात जोडायचे. बैलानं असल्या मालकाला कधीच शिंगावर घेतलं असतं. यंत्र बिचारं सोसतं.

तेवढ्यात बायकोनं बटणाकडं बोट दाखवलं. काल पूजेत मी भक्तीच्या भरात तिथंच ओलं कुंकू थापून वर अक्षता चिकटवलेल्या. एक दाणा फटीत वाळून बसला होता, म्हणून बटण आत जात नव्हतं. तिनं पिनेनं तो उकरला, बटण दाबलं. आतला पंखा फिरायला लागला.

"बघ, देवाची कृपा!" मी म्हणालो.

पोरगी खुर्ची ओढत म्हणाली, "देवाला तुम्हीच अडवलं होतं, बाबा. सरका आता."