गप्प बसवलेली अम्मी

कोथरूडच्या त्या फिल्ममेकिंगच्या क्लासबद्दल कोणी विचारलं, की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. नवशिक्यांसाठी, फक्त रविवारी, स्वतःचा कॅमेरा असल्यास उत्तम. ऑफिसच्या कामाला विटले होते, म्हणून गेले.

सर शिकवायचे चांगलं, हे मानायलाच हवं. कॅमेरा उगाच हलवू नका, माणसाला खिडकीकडे पाठ करून बसवू नका. आणि एक नियम त्यांनी आमच्याकडून घोकूनच घेतला: बोलणं टिपून झालं, की निघण्याआधी सगळ्यांना गप्प बसवा आणि त्या जागेचा नुसता आवाज अर्धा मिनिट घ्या. पंखा, रस्ता, जे असेल ते. याला रूम टोन म्हणतात. बोलण्याचे तुकडे जोडताना खालून हा आवाज दिला, की सांधा कळत नाही.

शेवटच्या फिल्मसाठी मी अम्मीला निवडलं. हडपसरला तिचं कुकर-मिक्सर दुरुस्तीचं दुकान आहे. अब्बा गेल्यावर लोक म्हणाले, विकून टाका. तिने चालवून दाखवलं. तिची जीभ हीच दुकानाची जाहिरात. "शिट्टी होत नाही? मग डाळ शिजेपर्यंत तुम्ही वाजवा की!" लोक चिडतात, उलट बोलतात आणि पुढच्या वेळी कुकर घेऊन तिच्याकडेच येतात. मला ही भांडणं दाखवायची होती. त्या दिवशी ती ईदचा ड्रेस घालून बसली आणि गिऱ्हाइकांशी जरा जास्तच जोरात भांडली. शेवटी मी म्हटलं, आता बोलायचं नाही, हलायचं नाही. माइक कॅमेऱ्यालाच जोडलेला, त्यामुळे आवाजाबरोबर चित्रही टिपलं जात होतं. ती बिचारी शहाण्या मुलीसारखी रस्त्याकडे बघत बसली.

संकलनावर शेवटचा हात सर फिरवायचे, त्यामुळे सगळं फुटेज त्यांच्याकडे गेलं.

फिल्म दाखवल्या त्या दिवशी अम्मी पहिल्या रांगेत, तोच ड्रेस घालून. पडद्यावर अक्षरं आली: 'पती गेले. ती अजून वाट पाहते.' मग व्हायोलिन. मग अम्मीचा तो गप्प चेहरा, संथ केलेला, पुन्हा पुन्हा. भांडण एकही नाही. तिचा आवाजच नाही! हॉलमध्ये लोक डोळे पुसत होते. एक बाई येऊन तिचा हात धरून म्हणाल्या, "धीर धरा." अम्मी माझ्याकडे वळली.

"मी कोणाची वाट बघत होते गं?"

मी सरांना गाठलं. "अहो सर, ती रूम टोनसाठी गप्प होती. मीच बसवलं होतं तिला. तुम्हीच शिकवलंत ना?"

"मॅडम, अर्थ संकलनात घडतो," सर हसून म्हणाले. "आणि फुटेज तुमचंच आहे. मी खोटं काहीच शूट केलेलं नाही."

"मग तुमचा शिंक येतानाचा चेहरा घेते आणि खाली लिहिते, 'पश्चात्ताप'. चालेल?"

चाललं नाही. फिल्म मात्र त्यांनी इंटरनेटवर टाकली आणि ती हडपसरभर फिरली. काढा म्हणून मी विनवलं, भांडले, धमकावलं. उत्तर एकच: लोकांना भिडली आहे, कशाला काढायची? भिडली म्हणे! माझ्या आईला जिवंतपणी विधवेची तसबीर करून टांगलं, आणि वर कौतुक हवं.

गेल्या आठवड्यात मी दुकानात होते. अम्मीचं एक जुनं गिऱ्हाईक आलं, सगळ्यात तोंडाळ काका. त्यांचा कुकर बघून अम्मीच्या अंगात आलं. "हा कुकर आहे की खोदकामात सापडलाय?" मी आनंदाने सरसावून बसले. पूर्वी काकांनी दुकान डोक्यावर घेतलं असतं.

काकांनी मान खाली घातली. हळूच म्हणाले, "असू द्या भाभी. सावकाश करा. आम्ही आहोत ना."

अम्मीने कुकर ठेवून घेतला. ते गेल्यावर मला म्हणाली, "यांना काय झालंय? सांग ना त्यांना, मी ठणठणीत आहे." मी कोणाकोणाला सांगणार होते?

तेवढ्यात एक बाई जळका मिक्सर घेऊन आल्या. आत अर्धा नारळ तसाच अडकलेला. एरवी अम्मीने त्यांना घरापर्यंत ऐकवलं असतं.

तिने मिक्सर जवळ ओढला आणि विचारलं, "कधी हवाय?"