आबांनी नववीच्या वर्गाला समजावलेलं लष्कराचं बजेट

माझे वडील, म्हणजे आबा, सैन्यात होते, पण त्यांची सगळी नोकरी खेचरांबरोबर गेली. डोंगरातल्या ज्या ठाण्यांवर गाडी पोचत नाही, तिथं रॉकेल, पीठ, दारूगोळा खेचरांच्या पाठीवरून पोचवायचा, हे त्यांच्या कंपनीचं काम. हवालदार म्हणून निवृत्त होऊन ते गावी उत्रोलीला परतले आणि भातशेती करू लागले. आई गेल्यापासून हिवाळ्यात दोनेक महिने ते माझ्याकडे मार्गासनीला येऊन राहतात. मी वेल्हे तालुक्यातल्या एका शाळेत नववी-दहावीला इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवते.

बजेटच्या दिवशी आबा दरवर्षी टीव्हीसमोर बसतात. भाषणात त्यांना रस नसतो. संध्याकाळी चर्चा सुरू झाली की लष्कराला काय मिळालं, तेवढं ऐकायचं आणि उठायचं. यंदाच्या चर्चेत एक जाणकार म्हणाला, "पगार आणि पेन्शनचं ओझं इतकं वाढलंय की नव्या शस्त्रांसाठी हात आखडता घ्यावा लागतो. माणसं कमी करा, यंत्रं वाढवा." मग पडद्यावर एक ड्रोन दिसला. बर्फाच्या डोंगरावर सामानाची पेटी उतरवत होता. निवेदिका हसून म्हणाली, की आता खेचरांचे दिवस संपले.

आबा भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. त्यांचा हात थांबला.

"बंद करू का?" मी विचारलं.

"ऱ्हाऊ दे. खोटं न्हाई बोलत त्यो."

पण त्या रात्री ते भाकरी अर्धीच खाऊन उठले.

त्याच आठवड्यात मला नववीला बजेट शिकवायचं होतं. सरकारला काय महत्त्वाचं वाटतं ते पैसा कुठं जातो यावरून कळतं, एवढं मुलांना दाखवायचं होतं. मी आबांना म्हटलं, "वर्गावर चला ना. खेचरांचं सांगा."

"म्या सातवी शिकल्याला. म्या काय सांगनार?" ते म्हणाले. पण त्या तासाच्या दिवशी सकाळी माझ्याआधी तयार होऊन ओसरीवर बसले होते. मिशीसुद्धा कातरली होती.

वर्गात मी फळ्यावर चार चौकोन काढले. पगार, पेन्शन, रोजचा खर्च आणि नवी खरेदी. खरेदीच्या चौकोनात विमानं, जहाजं, तोफा, ड्रोन लिहिले. म्हटलं, "सगळ्यात जास्त बोललं जातं ते या चौकोनाबद्दल. लढाई बदललीय. शेजारच्याकडं यंत्रं आली की आपल्यालाही घ्यावी लागतात. पण पैसा तेवढाच असला, तर एक चौकोन वाढवायला दुसरा कमी करावा लागतो."

"मॅडम, खेचरं कुठल्या चौकोनात?" पुढच्या बाकावरून कुणीतरी विचारलं.

मोबाईलवर उतरवून घेतलेला बजेटचा कागद मी वरखाली केला. त्यात खेचर हा शब्द मला सापडला नाही. मी आबांकडं पाहिलं. ते खुर्चीवरून उठले.

"माझ्या ताब्यात दोन खेचरं असायची," ते म्हणाले. "त्यातली एक लई शानी. वाट कच्ची असली की पाय टाकायची न्हाई. एकदा थंडीत वरच्या ठाण्यातलं रॉकेल सपलं. पोरं गारठल्याली. आमी निघालो, तर अर्ध्या वाटंत ती थांबली. काय केल्या हलंना. म्या तिला काठीनं मारलं. लई मारलं. मग चालली. धा पावलं गेली आसंल, आन् खालनं बर्फ सरकला."

आबांनी मूठ उघडून दाखवली.

"तिचा दोर माझ्या हातात व्हता. म्या सोडला. न्हाई सोडला आसता, तर आज हितं उभा नसतो. दुसऱ्या खेचराचं रॉकेल वर पोचलं. पोरं जगली." त्यांनी फळ्यावरच्या ड्रोनकडं बोट केलं. "तवा, आता यंत्र येत आसंल, तर येऊ द्या. मुक्या जनावराला मारायची पाळी तरी कुनावर येनार न्हाई."

मी त्यांची मुलगी. माझी पन्नाशी जवळ आलीय, आणि हे मी पहिल्यांदा ऐकत होते.

तेवढ्यात शेवटच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. वेल्ह्याच्या पलीकडच्या वाडीवरून रोज चालत येणारी, एरवी तोंड न उघडणारी. "मॅडम, माझा दादा चार वर्षांच्या भरतीत गेलाय. बर्फातच आहे. तो कुठल्या चौकोनात?"

मी पगाराच्या चौकोनावर खडू ठेवला.

"आणि चार वर्षं झाल्यावर?"

"काहीजणांना पुढं ठेवून घेतात," मी म्हटलं. "बाकीचे एकरकमी पैसे घेऊन घरी येतात. त्यांना पेन्शन नसते."

ती पेन्शनच्या चौकोनाकडं बघत राहिली आणि खाली बसली. मी इतकी वर्षं हा धडा शिकवतेय, पण त्या चौकोनातून एखादा माणूस बाहेर काढून दाखवायची वेळ माझ्यावर आली नव्हती. आबा बाकांच्या मधून तिच्यापाशी गेले आणि म्हणाले, "तुजा दादा सुट्टीवर आला की मला भेटाया घिऊन ये, बाय."

घरी येताना एसटीत मी विचारलं, "आईला तरी सांगितलं होतं का हे?"

"न्हाई."

"आणि तो टीव्हीवरचा पेन्शनला ओझं म्हणाला, त्याचं वाईट वाटलं ना तुम्हाला?"

आबा खिडकीबाहेर बघत होते. "वझं हायच की. सरकारला परवडंल तेवढंच सरकार उचलनार. पन असं बोलला जनू आमी फुकट बसून खातोय."

यंदा ते नेहमीच्या वेळी उत्रोलीला परत गेले नाहीत. ऊन तापायला लागलं तरी राहिले. कारण मला नंतर कळलं. एका रविवारी ती मुलगी भावाला घेऊन दारात उभी राहिली. विशीतला, उंच, गालांची कातडी थंडीनं सोललेला. आबांनी त्याला ओसरीवरच शेजारी बसवलं.

"तुज्या ठाण्यावर येतं का रं ते यंत्र?"

"येतं की, आजोबा. खालून दहा मिनिटांत सामान वर. पण वारं सुटलं की उडत नाही. मग आम्हीच पाठीवर घेऊन चढतो. खालच्या ठाण्यापर्यंत अजून खेचरंच आहेत."

आबांनी खेचरांचं काही विचारलं नाही. ते म्हणाले, "बूट काढ."

पोरगा लाजला. बहीण हसली. आबा जमिनीवर बसले, त्याचा पाय मांडीवर घेतला आणि एकेक बोट दाबून बघू लागले. उजव्या पायाच्या करंगळीपाशी थांबले. ती थंडीनं काळवंडली होती.

"हे कुनाला दावलंस?"

त्यानं पाय मागं ओढला.

"दावलं का न्हाई?"

"नाही, आजोबा. चौथं वर्ष लागेल आता. आजारी म्हणून नोंद झाली, तर पुढं ठेवून घेणार नाहीत, असं सगळे म्हणतात."

"सगळं म्हनत्यात. सायबाला इचारलंस का?"

त्यानं नकारार्थी मान हलवली. बहीण त्याच्याकडं बघत होती. हे तिलाही ठाऊक नव्हतं.

"पाय गेल्यावर तुला कोन ठिवनार?" आबांचा आवाज चढला होता. मग त्यांनीच तो खाली आणला. "उद्या सकाळी पयल्या गाडीनं पुण्याला जाऊ. म्या येतो संगं."

दोघं लष्कराच्या दवाखान्यात गेले. डॉक्टर आधी रागावले, मग म्हणाले, आणखी महिनाभर असंच ठेवलं असतं तर बोट कापावं लागलं असतं. नख काढलं, औषधं दिली, सुट्टी वाढवून मिळाली. करंगळी वाचली. आजारपणाची नोंदही झाली. त्याला पुढं ठेवून घेतील की नाही, ते अजून ठरायचंय. आबा म्हणतात, न्हाई ठिवलं तर गावाकडं भात लावाया दोन पाय हायेतच की.

तो आता परत वर गेलाय, आबा अजून माझ्याकडंच आहेत. पंधरा दिवसांतून एकदा त्याचा फोन येतो, तोही माझ्याच मोबाईलवर. आबा हातातलं काम टाकून येतात, आणि जेवलास का हेसुद्धा न विचारता आधी म्हणतात, "मोजं वाळलेलं घातलंस का?"