मोरछापवाले

घुग्घुसच्या कोळसा खाणीत डंपर चालवणारा देवानंद रागीट म्हणून ओळखला जायचा, पण त्याच्या तोंडून शिवी कोणी ऐकली नव्हती. राग आला की तो गप्प व्हायचा आणि जबडा असा आवळायचा, की समोरच्यानं आपणहून वाट सोडावी. त्याच्या रागाला तोंड फुटलं ते उदाच्या अत्तराच्या एका बाटलीवरून.

देवानंद नदीवर जाळं टाकणाऱ्या घरातला. शाळेत पोरं त्याच्या बाकावर बसत नसत. याच्या अंगाले मच्छीचा वास येते, म्हणत. खाणीत लागल्यावर पहिल्याच साली तो महाकालीच्या जत्रेला गेला, तेव्हा एका म्हाताऱ्या अत्तरवाल्यानं काचेच्या काडीनं त्याच्या मनगटावर ऊद लावला. आधी गोठ्यासारखा उग्र दर्प आला. देवानंदनं नाक मुरडलं. पण घरी पोचेस्तोवर त्याच वासाचं ओलं लाकूड झालं, आणि सकाळी आंघोळीनंतरही मनगटावर मधासारखं काहीतरी रेंगाळत होतं. तो तसाच उठून जत्रेत परत गेला. बाटलीवर मोराचं चित्र होतं. आसामातल्या एका लहानशा भट्टीचा माल. सगळे त्याला मोरछाप म्हणत.

तेव्हापासून देवानंद मोरछापचा झाला. भट्टी दरसाल नवा ऊद काढी, आणि हा दरसालची बाटली मागवी.

"एक सरली नाई तं दुसरी काऊन आणता?" बायको, मैना, विचारी.

"दोन सालचा वास सारखा नसते, मैना," तो म्हणे. एवढं सांगून झालं की बाटल्यांचं कपाट बंद.

खाणीच्या वर्कशॉपमधला फिटर प्रफुल त्याचा जिवाचा दोस्त. त्यालाही देवानंदनंच नाद लावला. प्रफुलनं आणखी मंडळी जमवली, मोबाईलवर 'मोरवाले' नावाचा ग्रुप काढला. रविवारी सगळे चंद्रपूरला ग्रुपमधल्याच संघपालच्या फोटो स्टुडिओत बसत, एकमेकांच्या बाटल्या हुंगत. कोणी दुसऱ्या भट्टीचं नाव काढलं, की त्याची अशी टर उडवत की तो पुन्हा नाव काढायचा नाही. त्यात देवानंदही मागे नसे.

मग आसामातल्या भट्टीचा म्हातारा मालक थकला आणि धंदा दुसऱ्याच्या हाती गेला. मोर तोच राहिला, फक्त सोनेरी झाला. नवी बाटली आली. देवानंदनं काडी मनगटाला लावली तर अगरबत्तीच्या दुकानात शिरल्यासारखं गोड-गोड आलं, आणि डबा खायच्या सुट्टीपर्यंत सारं उडून गेलं. त्याला वाटलं, आपल्यालाच सर्दी असेल. त्यानं मैनाला हुंगायला दिलं.

"हे तं गाडीत लटकवतात ना, तसं येऊन राह्यलं," मैना म्हणाली.

रविवारी स्टुडिओत तो स्पष्टच बोलला, "माल बदलला. हा आपला ऊद नाई."

सगळे एकदम त्याच्यावर तुटून पडले. कोणी म्हणे अजून मुरायचा आहे, कोणी म्हणे कोळशाच्या धुळीनं तुझं नाक गेलं. देवानंदनं प्रफुलकडे पाहिलं. प्रफुल हसला आणि म्हणाला, "मच्छीवाल्याले उदाची काय परख गा!"

सगळे खदाखदा हसले. देवानंद उठला. त्यानं नवी बाटली उघडली, स्टुडिओच्या मोरीत उपडी केली आणि वर नळ सोडला. संघपाल ओरडत धावला. तोवर देवानंद जिना उतरून गेला होता. संध्याकाळपर्यंत त्याला ग्रुपमधून काढून टाकलं.

पण हसणं डोक्यातून जाईना. खरंच नाक गेलं असलं तर? तो चंद्रपूरच्या नाक-कान-घशाच्या डॉक्टरकडे जाऊन आला. डॉक्टरनं दिवा लावून पाहिलं आणि काही झालं नाही म्हणून सांगितलं. तरी तो घरी कांदा हुंगे, रॉकेल हुंगे, मैनाच्या फोडणीजवळ जाऊन उभा राही. मैना चिडे.

पाऊस उघडल्यावर एक दिवस प्रफुल त्याला गेटजवळच्या चहाच्या टपरीवर गाठून म्हणाला, "देवाभाऊ, जुन्यातली एक काडी दे ना. माह्या जुन्या बाटल्या रिकाम्या झाल्या."

"नव्यात काय खोट आहे?"

प्रफुलनं आजूबाजूला पाहिलं. "तुले मालूम आहे."

"तुले कवा मालूम झालं?"

"झाकण उघडलं तवाच."

देवानंदनं चहाचा ग्लास फळीवर आदळला. "आन् मी डॉक्टरकडं नाक दाखवत फिरून राह्यलो होतो! मंग मले मच्छीवाला काऊन म्हटलं बे?"

"घरच्यांशी भांडून भांडून जमवल्या मी बाटल्या," प्रफुल खाली मान घालून म्हणाला. "मोर खोटा म्हटला तं माह्या कपाटात काय राह्यते?"

"जुनं तं खरंच होतं ना!" देवानंद एवढ्या जोरानं ओरडला की टपरीवाला बाहेर आला. "त्याच्याचसाठी बोललो होतो मी! तू उदाचा नाई, तू त्या चित्राचा हायेस. जा, ग्रुपवर सांग सगळ्याइले. मंग काडी काय, बाटली देतो."

प्रफुल गेला. पण ग्रुपवर काही बोलला नाही. दिवाळीआधी पुढची बाटली आली तेव्हा त्यानं तिचा फोटो टाकला, खाली लिहिलं, 'एक नंबर'. कॅन्टीनमध्ये कोणीतरी तो देवानंदला दाखवला. देवानंद भरल्या ताटावरून उठला.

"देऊन टाकाची होती एक काडी," मैना त्या रात्री म्हणाली.

"नाई देनार."

आता तो रोज ड्युटीच्या आधी जुना ऊद चांगला दोन्ही मनगटांना फासतो आणि हजेरीला जाताना वाकडी वाट करून वर्कशॉपच्या दारावरून जातो. प्रफुल पान्यावर वाकलेला असतो, मान वर करत नाही. पण त्याचा हात थांबतो, आणि तो एक खोल श्वास घेतो. देवानंदला ते दिसतं. ते पाहून बरं वाटेल, असं त्याला वाटलं होतं. वाटत नाही. जबडा आवळून तो डंपरकडे चालायला लागतो.