दादाचा डबा आणि निळा धूर

आमच्या दादाला गॅरेजमध्ये सगळे ‘चकाचक’ म्हणतात. कौतुकानं नाही हं, वैतागून! मेकॅनिक माणूस, पण शर्ट घालणार पांढरा. फरशीवर ऑइलचा थेंब पडला की याच्या जिवाची घालमेल सुरू. गिऱ्हाईक आपलं गाऱ्हाणं सांगत असतं आणि हा खाली वाकून त्याच्या बुटाशेजारची फरशी पुसत असतो. वहिनी म्हणते, "लग्नाच्या फोटोतसुद्धा हे माझ्याकडे बघत नाहीयेत, स्वतःच्या बाहीवरच्या डागाकडे बघतायत." मी तो फोटो पाहिलाय. खरंच तसं आहे.

मी त्याची धाकटी बहीण. राग माझ्या नाकावर असतो आणि गाडीत बसले की उजवा पाय माझं ऐकत नाही. दादानं गाडी बांधायची आणि मी ती पळवायची, अशी आमची वाटणी. भंगारातून आणलेली एक चिमुकली गाडी त्यानं नटबोल्टापासून उभी केली आणि तिला टर्बो बसवला. टर्बो म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा. काय धावायची हो ती! पण मागे निळा धूर सोडायची. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय.

घाटात दरवर्षी चढाची शर्यत होते. एकेक गाडी खालून सुटते आणि माथ्यावर पोचते. यंदाची शेवटची होती, कारण पुढे तो रस्ता रुंद करायला घेणार होते. नियम कडक. सरावात धूर दिसला तर एकदा ताकीद, परत दिसला की गाडी बाहेर. दादा आदल्या आठवड्यात जेवताना म्हणाला, "यंदाही धुरापायी बाहेर काढलं ना, तर मी ही गाडी भंगारात घालीन. पुन्हा टर्बोला हात लावायचा नाही." मी हसण्यावारी नेणार होते, पण वहिनीनं मला टेबलाखालून पाय मारला. दादा बोलला म्हणजे बोलला, हे तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक.

आणि सकाळच्या सरावात, दुसऱ्याच वळणावर, आरशात बघते तर निळा पडदा! 

खाली आले तर शर्यतीचे तपासनीस काका वाटच बघत होते. "पोरी, ही ताकीद. दुपारी शर्यतीत धूर दिसला तर मी झेंडा दाखवणार, मग रडू नकोस."

"रडतंय कोण?" मी म्हणाले. रडूच येत होतं.

दादा गाडीकडे वळला. बॉनेट उघडून त्यानं आपल्या लाडक्या डब्याचं झाकण काढायला घेतलं. हा डबा त्याच्याच हातचा. इंजिनात स्फोट होतात तेव्हा थोडा वायू पिस्टनच्या कडेनं निसटून खाली इंजिनाच्या पोटात जातो. टर्बो असला की जरा जास्तच जातो. तो बाहेर पडायला एक पाईप असतो, ब्रीदर म्हणतात त्याला. पण वायू जाताना ऑइलची वाफ घेऊन जातो आणि पुढचे सगळे पाईप तेलकट करून ठेवतो. तेलकट पाईप, आणि आमचा चकाचक! त्याला झोप लागेल का? म्हणून त्यानं वाटेत हा डबा बसवला. आत तारेची जाळी. वाफ जाळीवर आपटते, थेंब होऊन तळाशी बसते आणि वायू तेवढा पुढे जातो. डोकं आहे माझ्या भावाला, उगाच नाही सांगत.

"अगं," तो वहिनीला म्हणाला, "जेवणाच्या पिशवीत भांड्यांची तारेची घासणी आहे ना? दे जरा."

वहिनी जागच्या जागी थांबली. "कशाला?"

"डब्यात घालायला. वाफ निसटतेय कुठूनतरी. आणखी एक घातली की..."

"आणखी एक?" वहिनी पुढे झाली. तिनं सरळ डब्यात हात घातला आणि एक घासणी ओढून काढली. मग दुसरी. मग आणखी, ऑइलनं चिंब, दाबून दाबून लाडू झालेल्या. "या माझ्या आहेत! वर्षभर मी शेजारणीवर संशय घेतेय आणि चोर घरात?"

मला हसू फुटलं आणि तेवढ्यात डोक्यात लख्ख प्रकाश पडला. "दादा! धूर दिसला की घासणी घालायचास? दर वेळी?"

"हो. मग धूर वाढला की..."

"हातमोजा कुठाय?" मी ओरडले.

मोजा ही दादाचीच युक्ती. इंजिन चालू ठेवायचं आणि ऑइल भरायच्या तोंडावर रबरी हातमोजा ताणून बसवायचा. पोटातला वायू नीट बाहेर जात असेल तर मोजा लोळत पडतो. परक्या गाडीला तो सगळ्यात आधी हेच करतो. स्वतःच्या डब्यावर मात्र संशय घ्यायचं त्याच्या मनातही आलं नव्हतं! मी सगळ्या घासण्या परत कोंबल्या, डबा बंद केला, मोजा चढवला आणि चावी फिरवली.

मोजा टम्म फुगला. पाचही बोटं ताठ!

दादानं कपाळावर हात मारला. त्याला पुढचं सांगावं लागलं नाही. इंजिनाचा श्वास त्यानंच कोंडला होता. टर्बोला लागणारं ऑइल आपल्या वजनानं खाली पोटात उतरतं. पोटातच दाब असेल तर ते उतरणार कुठे? कडेनं बाहेर येणार आणि जळणार.

एकच घासणी आम्ही सैल पिंजून आत ठेवली. मोजा मलूल झाला. दादाचा चेहराही.

"थोडी वाफ पुढे जाईल," तो म्हणाला. "पाईप तेलकट होतील."

"होऊ देत!" मी आणि वहिनी एकदमच ओरडलो.

त्यानं डब्याच्या कडा पुसल्या. मग स्वतःच्या हातानं झाकण लावलं आणि म्हणाला, "जा."

गेले की मी! पहिलं वळण, दुसरं वळण, आरसा स्वच्छ. काय ओढत होती गाडी, बापरे! मी आत एकटीच आरडाओरडा करत होते. शेवटच्या उभ्या चढावर पाय पार खाली दाबला, आरशात पाहिलं, तर मागे नुसता रस्ता. झाडं, कठडा, सगळं दिसत होतं. मी माथ्यावर पोचले. नंबर? मधलाच कुठलातरी. विचारतंय कोण!

तपासनीस काका झेंडा गुंडाळून काखेत मारून उभे होते. मागून दुसऱ्या कुणाच्या गाडीत बसून दादा आणि वहिनी आले. मी बॉनेट उघडून डबा चाचपला होता, त्यामुळे माझे दोन्ही हात काळेकुट्ट. दादा समोर आला आणि मी विसरलेच. सरळ मिठी मारली त्याला. वहिनी "अगं, शर्ट!" म्हणेपर्यंत पाठीवर माझे दोन्ही पंजे उमटले होते.

घरी गेल्यावर वहिनीनं साबण घेतला आणि हात पुढे केला. "काढा तो शर्ट, डाग बसेल."

"बसू दे," दादा म्हणाला, आणि तोच शर्ट घालून जेवायला बसला.