माफीची घासाघीस

माझ्या मुलीला तिच्या कंपनीने मागच्या वर्षी दोन दिवस घासाघीस शिकायला पाठवलं होतं. हिंजवडीच्या अलीकडे एक मोठं हॉटेल आहे. तिथल्या गारठवणाऱ्या हॉलमध्ये चाळीस शिकलेली माणसं बसवून एक कोटवाला त्यांना सांगत होता की समोरच्याने भाव सांगितला की लगेच हो म्हणू नये, थोडं गप्प राहावं. एवढं सांगायचे त्याने कंपनीकडून किती घेतले असतील, ते मला जाणून घ्यायचं होतं. मुलीला ते ठाऊक नव्हतं. ती प्रमाणपत्र घेऊन आली आणि टीव्हीच्या मागे ठेवून दिलं. काय शिकलीस म्हणून विचारलं, तर म्हणाली, "काही नाही गं. जेवण चांगलं होतं."

हेच तिने चौथीत असताना, कोणी न शिकवता, शाळेच्या मैदानावर करून दाखवलं होतं. तेव्हा तिला प्रमाणपत्र मिळालं नाही. जे मिळालं त्याबद्दल लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं, कारण त्यात शाळेइतकीच माझीही लाज आहे.

मी हडपसरच्या मंडईत पालेभाजी विकायची. आधी जमिनीवर पोतं टाकून, मग भाड्याच्या ओट्यावर, मग स्वतःच्या गाळ्यात. पुढे कंपन्यांच्या कँटीनना भाजी पुरवायला लागले, पण ते नंतरचं. माझं शिक्षण महापालिकेच्या शाळेत सातवीपर्यंत. आमचे गुरुजी मधल्या सुट्टीत मला त्यांच्या घरची भाजी आणायला पाठवायचे, कारण मी स्वस्त आणते हे त्यांच्या लक्षात आलं होतं. गणितात मात्र त्यांनी मला कधी काठाच्या वर जाऊ दिलं नाही. मी नुसतं उत्तर लिहायची, रीत लिहायची नाही, ही त्यांची तक्रार. भाजी हातात घेताना त्यांनी कधी रीत विचारली नाही.

म्हणून मी ठरवलं होतं, माझी मुलगी चांगल्या शाळेत जाईल. चांगली शाळा कशी ओळखायची हे मला कोणी सांगितलं नव्हतं. भाव जास्त म्हणजे माल चांगला असं समजणाऱ्या गिऱ्हाइकाला आम्ही मंडईत काय म्हणतो ते इथे लिहिण्यासारखं नाही. शाळेच्या बाबतीत मी तेच गिऱ्हाईक झाले. जिथे परवापर्यंत ऊस होता तिथे काचेची इमारत, दारात कारंजं, आणि फी एवढी की माझ्या नवऱ्याने आकडा दोनदा विचारला. तो तेव्हा हिंजवडीला कंपनीची बस चालवायचा. त्याच्या बसमधून जाणाऱ्यांचीच मुलं त्या शाळेत होती. त्याला ते फार भूषणाचं वाटायचं. मला वाटायचं, आपणही पैसे मोजतोय, फुकट थोडीच शिकवतायत.

मुलगी रविवारी आणि सुट्टीत माझ्याबरोबर गाळ्यावर असायची. दहाचा पाढा तिला मेथीच्या जुड्यांनी शिकवला, पुस्तकाने नाही. ओली केलेली जुडी हाताला जड लागते पण ती आतून सडलेली असू शकते, हे तिला सात वर्षांची असतानाच कळायचं. जी बाई भाजीची स्तुती करते ती घेणार नाही, आणि जी नाक मुरडून जुडी खाली ठेवते ती चार पावलं जाऊन परत येणार, हे तिने स्वतःच बघून मला सांगितलं होतं. सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे पालेभाजीला सकाळचा एक भाव आणि दुपारचा एक, हे तिच्या अंगात मुरलेलं होतं. दुपारी बारानंतरची मेथी विकणाऱ्याने सकाळच्या भावाचा हट्ट धरला, तर त्याला ती घरी नेऊन खावी लागते.

चौथीच्या वर्षी शाळेने बाजार दिवस भरवायचं ठरवलं. मुलांना व्यवहाराचा अनुभव मिळावा, असं चिठ्ठीत लिहिलं होतं. प्रत्येक मुलाने दहा जुड्या आणायच्या, मैदानावर चादर पसरून बसायचं, पालकांनी येऊन विकत घ्यायचं. कोणी काय आणायचं ते बाईंनी वाटून दिलं होतं आणि सगळ्याचा भाव छापून दिला होता. मेथी असो, कोथिंबीर असो, शेपू असो, जुडी दहा रुपये. सकाळी दहा, दुपारीही दहाच. ज्याने तो भाव ठरवला त्याने आयुष्यात कधी शेपू विकलेला नव्हता हे उघड होतं. मुलगी घरी येऊन इतकी हसली की तिला उचकी लागली.

त्या दिवशी सकाळी सात वाजताच चार-पाच आया गाड्या घेऊन माझ्या गाळ्यासमोर हजर. मुलांना लागणारा माल त्यांना माझ्याकडूनच न्यायचा होता. मी कोणाची आई आहे हे त्यांना माहीत नव्हतं, आणि मीही सांगितलं नाही. एकीने दहा जुड्या शेपूसाठी माझ्याशी असा काही भाव केला की मी मनातून तिला मानलं. वर कढीपत्ता आणि मिरच्या फुकट मागून घेतल्या. दहा वाजता त्याच बायका मैदानावर एकमेकींच्या मुलांकडून तीच भाजी दहा-दहा रुपयांना घेत होत्या आणि फोटो काढत होत्या. यालाच शाळा व्यवहार म्हणत होती.

बाजार चालू असताना मी तिथे नव्हते, गाळा सोडता येत नव्हता. जे झालं ते मुलीने संध्याकाळी सांगितलं, आणि पुढे शाळेनेही तेच सांगितलं, फक्त चेहरा वेगळा करून. अकरापर्यंत तिची मेथी सगळी गेली होती. उन्हात इतरांची भाजी मान टाकायला लागली, पण तिने सकाळीच रुमाल भिजवून जुड्यांवर टाकला होता. साडेअकराला आई-बाप कामावर निघून गेले. शेपूवाला मुलगा आठ जुड्या घेऊन रडवेला बसला होता, कोथिंबीरवाल्या दोघी कंटाळून पळापळी खेळत होत्या. माझ्या मुलीने तिघांचा उरलेला माल जुडीला दोन रुपयांनी घेतला. शेपूवाल्याने तर हाताचा शेपूचा वास जाईना म्हणून हात पुसत पुसत थँक्यू म्हटलं. मग तिने त्या जुड्यांतली पिवळी पानं काढली, पाणी मारलं आणि सगळं घेऊन मैदानाच्या टोकाला गेली. तिथे शाळेच्या बस उभ्या असतात. बसवरच्या मावश्या, ड्रायव्हर, झाडणाऱ्या बायका यांना बाजारात कोणी बोलावलंच नव्हतं. त्यांना तिने चार रुपयांनी जुडी दिली. पंधरा मिनिटांत एक पान उरलं नाही. घेणारे खूश, देणारे खूश, आणि भाजी उकिरड्यावर गेली नाही. त्या अख्ख्या मैदानावर बाजार म्हणावा असं तेवढंच घडलं.

दोन दिवसांनी मला शाळेतून बोलावणं आलं. मला वाटलं बक्षीस असेल. मी इस्त्रीची साडी नेसून गेले, तिला सोबत घेऊन येताना मंडईत वाटायला पेढेही घेतले होते. मुलगी मुख्याध्यापिकांच्या खोलीबाहेर बाकावर बसवलेली होती. तिच्याकडे बघून मी पेढ्यांची पिशवी आत पर्समध्ये ढकलली.

मुख्याध्यापिका मला म्हणाल्या, "बसा मावशी." वयाने मी त्यांच्याहून लहान होते. इतर आयांना त्या मॅडम म्हणायच्या, हे मी सभेत ऐकलं होतं. त्यांनी एक पत्र समोर ठेवलं. शेपूवाल्या मुलाच्या आईचं होतं, इंग्रजीत. त्यांनी मला ते मराठीत करून सांगितलं. माझ्या मुलीने इतर मुलांच्या भोळेपणाचा फायदा घेतला, त्यांचं शोषण केलं. शोषण हा शब्द त्यांनी दोनदा वापरला. ती आई कोण हे मी नावावरून नाही, तर शेपूवरून ओळखलं. कढीपत्ता फुकट नेणारी.

मी म्हटलं, भाजी विकायला बसवलं होतं, तिने विकली. यात गुन्हा काय?

त्या म्हणाल्या, "बाजार दिवसाचा उद्देश विकणं हा नव्हता. अनुभव हा होता."

मला इतका राग आला की टेबलावरची घंटी उचलून भिंतीवर मारावी. माझं तोंड सुटतं तेव्हा अख्खी मंडई थांबते. पण त्या खोलीत मी तोंड सोडलं नाही, कारण पुढचं वाक्य त्यांनी राखून ठेवलं होतं. चौथीनंतर पाचवीला वरच्या विभागात घेताना मुलांचं वर्तन बघितलं जातं, आणि या बाबतीत फेरविचार करावा लागेल. नाहीतर मुलीने सोमवारी प्रार्थनेच्या वेळी सगळ्या शाळेसमोर माफी मागावी आणि मिळालेले पैसे तिघांना परत द्यावेत.

मग मी तेच केलं जे मला येतं. पर्स उचलली, दारापर्यंत गेले. मला ठाऊक होतं त्या हाक मारणार. त्यांनी मारली. मी परत बसले आणि म्हटलं, सगळ्या शाळेसमोर नाही. त्या म्हणाल्या, मग वर्गासमोर. मी म्हटलं, लेखी द्यायला लावते, बाईंच्या हातात. त्या म्हणाल्या, लेखी चालेल, पण वर्गात वाचून दाखवायचं. मी गप्प बसले, चांगली मिनिटभर. पंख्याकडे बघत बसले. मग त्याच म्हणाल्या, पैसे नाही परत दिले तरी चालेल. मी म्हटलं, ठरलं. पाचवीचं लेखी द्या. त्या म्हणाल्या लेखी देता येत नाही, पण समजा झालं. मी समजले.

बाहेर आले तेव्हा मला जिंकल्यासारखं वाटत होतं, हे कबूल करते. अख्ख्या शाळेवरून चाळीस पोरांवर आणलं, पैसे वाचवले, पाचवी पदरात पाडली. मुलगी बाकावरच होती. दार नीट लागत नव्हतं, तिने सगळं ऐकलं होतं. रिक्षात तिने दप्तर मांडीवर घेतलं. मग म्हणाली, "आई, माझी चूक होती का?"

"नव्हती."

"मग तू कमी का करून घेतलंस? नाही का नाही म्हणालीस?"

मी तिला पाचवीबद्दल सांगायला लागले. ती रिक्षातून बाहेर बघत राहिली. घरी नवरा म्हणाला, "जाऊ दे की. शाळा हाय ती, आपण काय वाद घालायचा." त्याच्यावर मी जो राग काढला तो खरं तर त्याच्या वाट्याचा नव्हता.

माफीचा पहिला कागद मुलीने स्वतः लिहिला. मला वाईट वाटतं की शेपू दोन रुपयांना घेतला, एवढं सुकल्यावर तो एक रुपयाचाच होता, असं त्यात होतं. बाईंनी तो फाडला आणि दुसरा सांगून लिहून घेतला. त्यात प्रेम, मैत्री, वाटून घेणं असं सगळं होतं. सोमवारी तिने तो वाचला. पेढे अजून पर्समध्येच होते, ते मी संध्याकाळी गाळ्यावरच्या पोरींना वाटून टाकले. कसं झालं म्हणून विचारलं, तर ती म्हणाली की वाचून झाल्यावर बाईंनी सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. शेपूवाल्याने सगळ्यात जास्त वाजवल्या.

नऊ वर्षांच्या पोरीने न केलेल्या चुकीची माफी मागितली की टाळ्या. माझ्या मंडईत असं काही झालं असतं तर टाळ्या वाजवणाऱ्याला मी उभा ठेवला नसता. पण टाळ्यांची सोय मीच करून आले होते, माझ्याच तोंडाने.

पुढच्या रविवारी ती गाळ्यावर आली. एका बाईने मेथीची जुडी उचलली, नाक मुरडलं आणि निम्मा भाव सांगितला. अशा बाईला माझी मुलगी डोळे झाकून हाताळायची. तिने जुडी पिशवीत टाकली आणि निम्मे पैसे घेतले. बाईसुद्धा चपापली. ती गेल्यावर मी मुलीवर ओरडले. सकाळची वेळ, पहिल्या धारेचा माल, असा कोणी देतं का?

ती शांतपणे म्हणाली, "तूसुद्धा दिलंस की."

 मी पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले. दोन रविवार ती आली, मग अभ्यास आहे म्हणून घरी थांबायला लागली. खरंच अभ्यास करत असायची, तिथे बोट ठेवायला जागा नव्हती.

वर्षाअखेरीला प्रगतिपुस्तक आलं. गणितात तिला चांगले मार्क होते, आता ती रीत लिहायची. पाचवीला प्रवेश झाला होता. शेवटच्या पानावर वर्गशिक्षिकेचा शेरा होता. वर्तनात समाधानकारक सुधारणा. मी तो शेरा स्वयंपाकघरात उभ्याने तीन वेळा वाचला. पेन हातात होतं. त्याच्याखाली लिहायला माझ्याकडे बरंच होतं, आणि ते लिहिण्याइतकं मराठी मला तेव्हाही येत होतं. मुलगी शेजारी उभी होती, पुस्तक सकाळी परत न्यायचं होतं. तिला बहुतेक बघायचं होतं मी काय करते.

शाळेने नंतर परत दिलेलं ते प्रगतिपुस्तक अजून माझ्या कपाटात आहे. शेऱ्याच्या खाली रेघेवर माझी सही आहे.