हळदीचं बोट

साउथ एंड सर्कल मागे पडलं आणि वसुमतीची चाल मंदावली. जयनगरातून बसवनगुडीच्या गणपतीला चालत जायचं, हा प्रेमाताईंचा नवस. सून गौरी बरी होऊन घरी आली होती, तेव्हा तो फेडायचा. आणि सोबतीला शेजारच्या वसुमतीशिवाय कोण? गौरीचं रक्त तिनेच तर तपासलं होतं.

"स्वल्प थांबा, प्रेमाक्का. देवासमोर जायच्या आधी एक सांगायचंय."

तीनशे वर्षं इथे कानडी मुलखातच रुजलेलं मराठी घराणं, त्यामुळे वसुमतीच्या मराठीला कानडीची फोडणी. चौपन्न वर्षांची, काटकुळी. सत्तावीस वर्षं लॅबच्या एकाच टेबलाशी. शरीरातल्या पांढऱ्या पेशी फार खवळल्या की एक प्रथिन रक्तात सोडतात, ते मोजायचं हे तिचं काम. बारीक खळग्यांच्या प्लास्टिकच्या ताटलीत रक्ताचे थेंब आणि औषधं घालायची; शेवटी पिवळा रंग येतो. जितका गडद पिवळा, तितकं प्रथिन जास्त. तो रंग यंत्र वाचतं.

गौरीचा ताप अठरा दिवस हटत नव्हता. खंडेनवमीला, इथल्या आयुधपूजेच्या दिवशी, दुपारी आकडा आला तो भलताच मोठा. उद्यापासून जहाल औषध सुरू करू, डॉक्टर म्हणाले. प्रेमाताईंच्या हातातली जपमाळ सुटेना. संध्याकाळी लॅबमधून फोन आला, आकडा चुकला होता, आता नीट आलाय. पुढे तो ताप निघाला किड्याच्या चाव्याचा, साध्या गोळ्यांनी उतरला.

"तूच वाचवलंस गं तिला," प्रेमाताई म्हणाल्या.

"तेच म्हणू नका. चूक माझीच होती. यंत्राची पूजा केली. हातमोजे घालून हळदकुंकू कसं वाहायचं? म्हणून काढले. आणि त्याच बोटांनी ताटली आत ठेवली. हळद लागली ताटलीच्या बुडाला, नेमकी गौरीच्या दोन खळग्यांखाली. यंत्राला काय, पिवळं ते पिवळं! टाकायला उचलली तेव्हा दिसलं. मग पुसून पुन्हा वाचली, उरलेल्या रक्ताची नवी ताटलीही लावली. लॅबच्या साहेबांना लिहून दिलं सगळं."

"काय म्हणाले?"

"पुढच्या वर्षी नुसता झेंडू वाहा म्हणाले."

प्रेमाताई हसल्या नाहीत. तशाच पुढे निघाल्या.

"चार तास, वसू. चार तास मी देवाशी भांडत होते."

"ठाऊक आहे. म्हणून तर सांगितलं."

"न सांगतीस तर मला कळलंही नसतं."

"गणपतीला कळलं असतं की!"

आता मात्र प्रेमाताईंना हसू आवरेना. पदराने डोळे टिपत त्यांनी वसुमतीचा हात धरला, तो देवळापर्यंत सोडला नाही.

दर्शन झालं. पायरीशी प्रेमाताईंनी पिशवीतून खण, नारळ आणि हळदकुंकवाची कोयरी काढली. वसुमतीने चटकन दोन्ही हात मागे घेतले.

"कुंकू लावा, प्रेमाक्का. पण हळद नको, दहाला ड्यूटी आहे. ओटी रविवारी घरी येऊन भरा, मग हवी तर कोपरापर्यंत माखा. चालेल ना, सरी?"